मुकादमाचे दात

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सूनबाई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडून टाकायचं असेल तर टाक, पण एक ओळ वाचून मग फाड.

तुझा मासा जेवत नाही.

मुद्द्याचं एवढंच. पुढचं सगळं माझं रडगाणं आहे. पण तू वाचशील, कारण माशाचं आहे. माझं असतं तर वाचलं नसतंस.

'महिनाभर सांभाळा बाबा, जागा मिळाली की घेऊन जाते,' असं म्हणून गेलीस त्याला या आठवड्यात चार महिने होतील. चार महिने मी या काचेच्या पेटीची चाकरी करतोय. मासा तो केवढा, तळहाताएवढा. अंगावर खवलं नाहीत, चालण्यात रुबाब नाही, डोळे एक इकडे आणि एक तिकडे. राग आला की फुगणार आणि आपण घाबरायचं. नाव मात्र तू बरोबर ठेवलंस, मुकादम. सकाळी मी कामाच्या टेबलावर बसलो की हा काचेला नाक लावून समोर हजर. मी मेण वितळवतो, हा बघतो. मी कवळी घासतो, हा बघतो. अडतीस वर्षं लोकांचे दात करतोय, माझ्या डोक्यावर कधी मुकादम नव्हता. तो म्हातारपणी मिळाला, तोही सुनेकडून.

पेटीला चिकटवलेल्या कागदावरच्या तुझ्या अकराच्या अकरा सूचना मी पाळतो. दर रविवारी निम्मं पाणी बदलतो. नळाचं पाणी आधी बादलीत ठेवून त्यात तुझ्या बाटलीतले थेंब घालतो. पारा सव्वीसच्या खाली जाऊ देत नाही. उरलंसुरलं चिमट्याने उचलतो, कारण याच्याइतका घाणेरडा जेवणारा प्राणी मी पाहिला नाही. दुसरा मासा शेजारी ठेवलेला नाही. गोगलगायींची बरणी वेगळी आहे आणि त्यांची पैदास जोरात चालू आहे. सातवी सूचना गोगलगायी खायला देण्याबद्दल आहे, तीही पाळतो, जवळजवळ.

तरीही दहा दिवस झाले, हा खाण्यापाशी येतो, तोंडात घेतो आणि थुंकतो. पोट आत गेलंय. चिरंजीवांना विचारलं तर म्हणाले, 'तिलाच विचारा.' म्हणून विचारतोय.

तुमच्या दोघांच्या भांडणात मी पडत नाही, हे एकदा सांगून टाकतो. मत्स्यबीज केंद्राने तुला नोकरी देऊ केली आणि तुझ्या वतीने 'ती येणार नाही' असा फोन त्यांना इथून कोणीतरी केला. तू म्हणतेस नवऱ्याने केला. तो म्हणतो मी केला नाही. केंद्रातल्या माणसाला फक्त पुरुषाचा आवाज आठवतो. आवाजाचं म्हणशील तर त्यात काय, चिरंजीवांचे मित्र फोनवर मलासुद्धा 'काय रे, आहेस कुठे' म्हणतात. असो. मी कवळ्या करणारा माणूस, मला त्यातलं काय कळणार.

तुझं थोडंफार टपाल येतं इथे. महत्त्वाचं काही नाही.

बाबा


गुरुवार, १३ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं कार्ड मिळालं. 'पोट काळं पडलंय का? पाणी तपासलं का? औषध घालू नका. दात बघा.' चार वाक्यं. वर बाबा नाही, खाली तुझं नाव नाही. तारेच्या जमान्यातसुद्धा माणसं याहून जास्त बोलत.

पोट काळं नाही, राखाडी आहे. पाणी तपासलं. तुझ्या त्या नळ्यांत थेंब मोजून घातले, रंग जुळवले, सगळं जागेवर आहे. खिडकीपाशी नेऊन पुन्हा जुळवले, कारण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानदाराने एक निळी बाटली गळ्यात मारली. म्हणाला, 'काका, सगळ्या रोगांवर चालतं.' मी म्हटलं, सगळ्या रोगांवर चालणारं औषध कुठल्याच रोगावर चालत नसतं. तरी घेऊन आलो. घातलेलं नाही. बाटली कपाटावर आहे, ओरडू नकोस.

आता दातांचं.

डॉक्टर मला मापं पाठवतात, मी कवळ्या करून देतो. कवळी टोचली की माणसं डॉक्टरांना सोडून थेट माझ्या दारात येतात. अशा शेकडो माणसांना मी 'आ करा' म्हटलंय. दोन जणांनी माझं बोटही चावलंय. पण मुकादमाला 'आ कर' म्हणून कसं सांगायचं? मी पुढे गेलो की हा पाठ फिरवतो. टॉर्च मारला की दगडामागे जातो. तीन दिवस मी स्टुलावर बसून एका माशाच्या तोंडात डोकावण्याचा प्रयत्न करतोय आणि पलीकडच्या गॅलरीतल्या बाई माझ्याकडे बघून आपल्या नवऱ्याला बोलावतात.

शेवटी काल दिसलं. मी एक खालची कवळी घासत होतो, मशीनचा आवाज झाला तसा हा नेहमीप्रमाणे काचेपाशी आला आणि मी मान वर केली. सूनबाई, वरचे दोन दात खालच्यांवरून पार पुढे आलेत, पोपटाच्या चोचीसारखे. तोंड मिटत नाही. खाऊ म्हटलं तरी त्याला चावता येत नाही, गिळता येत नाही. तो जेवत नव्हता असं नाही, त्याला जेवताच येत नव्हतं.

चावा बसत नाही हे मला समोरच्या माणसाच्या बोलण्यावरून कळतं. 'स' म्हणताना शीळ आली की मी ओळखतो कुठे किती घासायचं. आणि माझ्या टेबलापासून दोन हातांवर, माझ्याकडे रोज टक लावून बघणाऱ्या या प्राण्याचा चावा बिघडत गेला आणि मला पत्ता नाही! काल दुपारी मी इतका चिडलो की घासत होतो ती कवळी जास्त घासली गेली. ती आता नव्याने करायची.

हे असं का झालं तेवढं कळव. तू शिकलेली आहेस.

बाबा


मंगळवार, २५ फेब्रुवारी

सूनबाई,

'गोगलगायी कशा देता?'

तीन शब्दांसाठी तू बारा दिवस घेतलेस. बारा दिवस मी त्याला ड्रॉपरने गांडुळाचा लगदा भरवतोय, त्यातला निम्मा पाण्यात जातो आणि मग मी पाणी बदलतो. आठवड्याचा वार राहिलेला नाही, रोजच रविवार. माझी कंबर गेली. आणि तू विचारतेस, कशा देता! गोगलगायी कशा देतात? बरणीतून काढून देतात!

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. मग उठून पेटीवरची तुझी सातवी सूचना पुन्हा वाचली. 'रोज चार-पाच गोगलगायी, कवचासकट.' कवचासकट या शब्दाखाली तू रेघ मारली आहेस. लाल.

बरं, सांगतो. मी कवच काढून देत होतो.

पहिल्याच आठवड्यात त्याने एक गोगलगाय माझ्यादेखत फोडली. कट्ट! असा आवाज आला की माझ्या हातातली सुरी थांबली. हा आवाज मी ओळखतो. माणूस माझी कवळी घालून सुपारी फोडतो तेव्हा असाच आवाज येतो आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस रुमालात दोन तुकडे घेऊन माझ्या दारात उभा असतो. माझ्या प्रत्येक कवळीच्या डबीत एक चिठ्ठी असते, तू स्वतः त्यातल्या कितीतरी कापून दिल्या आहेस. 'मऊ खा, हळू चावा, कठीण काही फोडू नका.' मला वाटलं, एवढासा जीव, दात तुटले तर कोण करून देणार? म्हणून दुसऱ्या दिवसापासून मेण कापायच्या सुरीने मी एकेक गोगलगाय कवचातून सोडवायला लागलो. रोज सकाळी चहाच्या आधी. तुला काय वाटतं, सोपं काम आहे ते? एकेक गोगलगाय हाताला लागत नाही, निसटते. पण मी करत होतो, आणि मुकादम मटामट खात होता, आणि मला वाटत होतं की मी त्याची काय ती काळजी घेतोय.

काल दुकानदाराला हे सांगितलं तर तो हसत सुटला. म्हणाला, 'काका, याचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. कवच फोडूनच ते झिजतात. तुम्ही त्याला उपाशी मारलं, लाड करून.'

मी करतो ते दात झिजतात. मुळात माझं अर्धं आयुष्य झिजलेल्या दातांवर गेलंय. अडतीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेला एकही दात वाढलेला नाही, सूनबाई. मला कसं कळणार होतं?

कागदावर लिहिलेलं होतं, हे मला माहीत आहे. तू ते लिहू नकोस.

आता काय करायचं ते सांग. बारा दिवस लावू नकोस, त्याच्याकडे तेवढे नाहीत.

बाबा


रविवार, २ मार्च

सूनबाई,

या वेळी तिसऱ्या दिवशी पत्र, तेही पानभर. वाचून आधी बरं वाटलं, मग घाम फुटला.

लवंगेचं तेल पाण्यात मिसळून त्याला गुंगी आणायची, ओल्या हातात धरायचं, नखं कापायच्या बारीक कात्रीने पुढे आलेले दात छाटायचे आणि लगेच स्वच्छ पाण्यात सोडायचं. पाण्याबाहेर फार वेळ राहिला तर हवा गिळून फुगेल आणि उलटा तरंगेल. तेल जास्त झालं तर जागा होणार नाही. दात मुळाशी कापला तर रक्त येईल. वा! आणि खाली लिहितेस, 'मी आता शिकवते त्या शाळेतून सुट्टी नाही. आणि त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. तुमचा हात बारीक आहे, तुम्ही करू शकाल.'

माझा हात बारीक आहे तो प्लास्टरच्या साच्यावर! साचा श्वास घेत नाही. माझं माप चुकलं तर मी नवीन करतो. याचं काय नवीन करू?

आणि तू मला सांगतेस की हे काम एकट्याने होणार नाही, एकाने धरायचं आणि एकाने कापायचं. या घरात दुसरा कोण आहे ते तुला चांगलं माहीत आहे. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख 'एकाने' असा आहे.

चिरंजीवांना आज सकाळी विचारलं. ते ऑफिसचे कपडे इस्त्री करत होते. मान वर न करता म्हणाले, 'नाही.'

मी म्हटलं, 'अरे, पाच मिनिटांचं काम आहे. तुझ्या बायकोचा मासा आहे.'

'म्हणूनच नाही. माझ्या हातात मेला तर तेही माझ्याच नावावर जाईल.'

'तेही' म्हणाला तो. मग इस्त्री उभी केली, शर्ट घातला, रविवार असूनही शर्टाची सगळी बटणं लावली आणि बाहेर निघून गेला. इस्त्री बंद करायची राहिली होती.

तुझ्यावर मी रागावलोय. मुलावर रागावलोय. माशावर तर फारच रागावलोय, साल्याला मी सोललेलं दिलं तर यानेही नाही म्हणायचं होतं. आणखी एकावर रागावलोय, पण ते नंतर लिहीन.

बाबा


मंगळवार, ४ मार्च

सूनबाई,

मुकादम जिवंत आहे. हे आधी लिहितो, म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील. किंवा वाचणार नाहीस.

काल संध्याकाळी मी टेबल रिकामं केलं, दोन पातेली भरली, लवंगेचं तेल काढलं. घरभर तोच वास, डॉक्टरांच्या खोलीतला. मी एकट्यानेच करणार होतो. डाव्या हाताने धरायचं आणि उजव्याने कापायचं असं एका बटाट्यावर करून बघत होतो. चिरंजीव दारात उभे राहून बघत होते. मग आत आले, बाह्या दुमडल्या, हात धुतले आणि म्हणाले, 'बटाटा ठेवा.'

त्याने धरला. अर्धा पाण्यात, अर्धा हातावर, जसं तू लिहिलं होतंस तसं. मी भिंग लावलं. पहिला दात धरला आणि माझी कात्री घसरली. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. चिरंजीव म्हणाला, 'घाई करू नका, मी धरलंय.' त्याचा हात जराही हलत नव्हता. तेवढा आधार घेऊन मी कापलं. टक्, टक्. दोन तुकडे पाण्यात पडले, तांदळाच्या कणीएवढे. खालचे थोडे घासले. रक्त आलं नाही.

स्वच्छ पाण्यात सोडला तर तो तळाला जाऊन आडवा पडला.

हलेना. आम्ही दोघं काचेशी डोकी लावून बसलो. कल्ला उघडतोय की मला भास होतोय ते कळत नव्हतं. चिरंजीवाने घड्याळ समोर ठेवलं. चार मिनिटं झाली, पाच झाली. तो हळूच म्हणाला, 'गेला बहुतेक. आता ती पत्रसुद्धा लिहिणार नाही.'

तेव्हा मी म्हणालो, 'त्या केंद्रात फोन मी केला होता.'

सूनबाई, फोन मी केला होता.

तुझ्या नावाचं पाकीट आलं, ते मी उघडलं. नोकरी चांगली होती, पण जागा लांब, मुक्काम एकटीचा, नवऱ्याची नोकरी इथली. मला वाटलं, आता या दोघांत यावरून वाजणार. तू जाईन म्हणणार, तो नको म्हणणार, रडारड, अबोला. त्यापेक्षा तुमच्यापर्यंत पोहोचायच्या आधीच मी ते उचलून बाजूला ठेवलं. फोन करून म्हटलं, ती येऊ शकणार नाही. दोन मिनिटांत काम झालं आणि मला हलकं वाटलं, तेही सांगतो. नंतर तू केंद्रात चौकशी केलीस, घरी येऊन नवऱ्यासमोर उभी राहिलीस, तेव्हा मी याच टेबलाशी बसून कवळीला पॉलिश करत होतो. सगळं ऐकत होतो. दातांचा धंदा करणाऱ्या माणसाची दातखीळ बसली होती. तू बॅग भरलीस तरी मी बोललो नाही. तुझा मासा सांभाळीन म्हणालो.

तुझ्या नवऱ्याने तुला खरं सांगितलं होतं. त्याने फोन केला नव्हता.

हे सगळं मी त्याला काल सांगितलं, काचेकडे बघत. तो म्हणाला, 'माहीत होतं. आवाज माझा नव्हता, मग घरात दुसरा पुरुष कोण आहे?'

'मग तिला बोलला का नाहीस?'

'तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो.'

पाच महिने थांबला होता, सूनबाई. माझ्या पानात वाढत होता, माझ्या गोळ्या आणून देत होता आणि थांबला होता. मला वाटायचं, हा घुम्या आहे.

अकराव्या मिनिटाला मुकादमाने एक डोळा फिरवला, माझ्याकडे. मग शेपूट हलवली.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यावी की नाही हे ठरवत बसावं लागेल, आणि तुझ्या वाट्याचं आणखी एक काम मी काढून ठेवेन. मला लाज वाटते, एवढं मात्र वाचून घे.

बाबा


शुक्रवार, १४ मार्च

सूनबाई,

'रविवारी, २३ तारखेला मुकादमाला न्यायला येते. पिशव्या आणि डबा माझ्याकडे आहे. आदल्या दिवशी खायला देऊ नका.' मिळालं. फोनबद्दल अक्षर नाही. नसू दे.

तो आता खातो. कवचासकट. पहिला आठवडा लहान दिल्या, परवापासून मोठ्या. कट्ट! आवाज झाला की अजून माझा हात सुरीकडे जातो, पण सुरी मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली आहे. कवचाचे तुकडे वाळूवर पडतात, ते चिमट्याने उचलतो. पोट भरून आलंय, रंग परतलाय. काल मी नवीन कवळी साच्यावर चढवत असताना काचेशी येऊन इतक्या तुच्छतेने बघत होता की मी समजलो, प्रकृती उत्तम आहे. ती निळी बाटली दुकानदाराला परत केली.

गोगलगायींच्या दोन बरण्या बांधून ठेवतो. कागद पेटीवरून काढलेला नाही, तसाच ने. सातव्या सूचनेखाली मीही एक रेघ मारली आहे.

रविवारी चिरंजीव घरी असतील. पेटी खाली उतरवायला दोन माणसं लागतात, ते उतरवतील म्हणाले. तुला चालणार नसेल तर मी पलीकडच्या गॅलरीतल्या बाईंच्या नवऱ्याला सांगेन. मी मधे पडणार नाही. तू जिन्याखालीच थांबणार असशील तर थांब, मी वरून हाक मारणार नाही. हे लिहायला मला तीन कागद लागले.

आता शेवटचं. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझ्या टपालात महत्त्वाचं काही नाही. खोटं होतं ते. केंद्राचं आणखी एक पाकीट जानेवारीत आलं. ते मेणाच्या ड्रॉवरमध्ये, मेणाच्या पट्ट्यांखाली होतं. म्हणून त्याला वास येतोय, तो माझा आहे. एकदा दिव्यासमोर धरून बघितलं, ते का लपवू? काही दिसलं नाही. काल केंद्राला फोन करून विचारणार होतो की जागा अजून आहे का, उशीर कोणामुळे झाला तेही सांगणार होतो. नंबर अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. तुझा फोन आहे तो.

रविवारपर्यंत थांबलो असतो, पण आधीच दोन महिने गेलेत, म्हणून रजिस्टर पोस्टाने पाठवतोय. सोबत जोडलंय, उघडलेलं नाही. आत काय आहे, मऊ की कठीण, मला माहीत नाही. तू बघ. तुझे दात चांगले आहेत.